टोकदार टोपीवाली मांगा कशी वाचायची (लोकलमध्ये तर नकोच)

आधी कबुली देऊन टाकते. विच हॅट अटेलिए ह्या मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिकचा, पहिला खंड मी मुलुंड-सीएसएमटी फास्टमध्ये संपवला होता, चौथ्या सीटवर अर्धी लटकून, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने पर्स धरलेली, आणि भायखळा यायच्या आत संपलं म्हणून स्वतःवर खूश पण झाले. "छान आहे, गोड आहे, चित्रं मस्त आहेत" एवढं मैत्रिणीला सांगितलं आणि पुस्तक कपाटात गेलं ते गेलंच.

मग मे महिन्यात भाची राहायला आली. आठवीतली, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चालू, दिवसभर स्थिरचित्राचे तांबे-लोटे मांडून बसणारी. तिने ते पुस्तक काढलं आणि पहिल्या आठ-दहा पानांवर सकाळच्या चहापासून वरणाला फोडणी पडेपर्यंत बसली. मला वाटलं इंग्रजी अडतंय. विचारलं तर म्हणे, "मावशी, ही बघ, शिवणकाम करणाऱ्यांच्या घरातली मुलगी आहे ना, तर हिच्या घरात कापडाचे तागे कसे रचून ठेवलेत बघ, प्रत्येकाची घडी वेगळी काढलीये." मी अर्थातच बघितलं नव्हतं. मी फुगे वाचले होते. बोलण्याचे फुगे, एकामागोमाग एक, व्हॉट्सअॅपचे मेसेज वाचावेत तसे.

तर हे माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांनी असली शांत, सुंदर काढलेली मांगा कुणाच्या तरी सांगण्यावरून उघडली आणि "बरी आहे" म्हणून बंद केली. वाचायची पद्धत बदलली की ती उघडते, आणि पद्धत काही अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे.

थोडक्यात काय आहे ते सांगते, फार सांगणार नाही. कामोमे शिराहामा नावाची चित्रकार आहे, तोक्योच्या कला विद्यापीठात शिकलेली, अमेरिकन कॉमिक्सची कव्हरं पण केलीयेत तिने. ही मांगा २०१६ साली कोदान्शाच्या मॉर्निंग टू मासिकात सुरू झाली, आणि इंग्रजी आवृत्तीला २०२० मध्ये आयझनर मिळालं, म्हणजे कॉमिक्समधला मोठा मान. गोष्ट कोको नावाच्या मुलीची. तिच्या जगात सगळ्यांची समजूत अशी की जादू जन्मतःच येते, ज्यांना नाही येत त्यांनी नाद सोडावा. आणि एक दिवस कोको लपून बघते तर काय, जादू कुणी मंत्र म्हणून करत नाहीये, कागदावर शाईने काढतायत. वर्तुळ, आत खुणा, बस्स. म्हणजे कुणालाही शिकता येईल असं हे काम आहे आणि ते मुद्दाम लपवून ठेवलंय. पुढे तिच्या हातून एक भयंकर चूक होते, आई दगडाची होते, आणि कीफ्री नावाचा गुरू तिला शिष्य म्हणून घेऊन जातो. इथपर्यंत पहिल्याच प्रकरणात कळतं, त्यामुळे मी काही फोडलं नाहीये.

पहिलं काम, पुस्तक मिळवणं. आणि इथेच बहुतेकांची माती होते, माझीही झाली. दुसरा खंड मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतला, छापील किमतीच्या एक तृतीयांशात, वाटलं वा काय लॉटरी लागली. आला तेव्हा कव्हरवरचे रंग जरा उडालेले, ठीक आहे म्हटलं. भाचीने रात्रीच्या आकाशाचं एक पान उघडलं आणि म्हणाली, "ही खिचडी काय आहे?" खरंच खिचडी होती. जिथे बारीक बारीक रेषांनी अंधार विणलेला असतो तिथे नुसता काळा गोळा, कारण कुणीतरी पुस्तक स्कॅन करून परत छापलेलं. दुसरी कुठली मारामारीवाली मांगा असती तर एक वेळ चाललं असतं, पण इथे रेषाच गेली तर उरलं काय.

तर घेताना नीट बघा. मधोमध पुस्तक उघडून शिवणीजवळ बघा, नकली प्रतीत चित्राची आतली कड शिवणीत गडप झालेली असते. आणि करड्या भागावर नजर टाका, तिथे बारीक ठिपके किंवा रेषा सुट्या सुट्या दिसल्या पाहिजेत, पावडर फासल्यासारखं दिसलं की ठेवून द्या. फुटपाथवर घेणाऱ्यांना हे जास्त सांगते, माटुंग्याला किंग्ज सर्कलला किंवा फाउंटनला पुस्तकवाल्यांकडे कधी कधी खरी सेकंडहँड मांगा मिळते पण शेजारीच नकलीचा गठ्ठा पण असतो, दोन्ही हातात धरून बघायला कुणी नाही म्हणत नाही. नव्या घ्यायच्या तर किताबखान्यात किंवा कुठल्याही मोठ्या दुकानात आधी फोन करून खंडाचा नंबर सांगून विचारा, कारण बऱ्याचदा तिसरा आणि सातवा असतो आणि पहिला नसतो, हे का होतं देव जाणे.

फोनवर वाचू का, असं सगळे विचारतात. टॅबवर वाचा, फोनवर नको. ह्यात दोन पानं मिळून एक चित्र असं खूप वेळा येतं आणि फोन ते मधून कापतो, म्हणजे उंच कड्यावर उभी असलेली मुलगी एका पानावर आणि दरी दुसऱ्या पानावर, मग ते उंच आहे हे कळणार कसं. अगदीच फोन असेल तर आडवा धरा.

आता वाचायची दिशा. उजवीकडून डावीकडे. आपल्याला जे मागचं कव्हर वाटतं ते इथलं पुढचं. भेंडी बाजारात सकाळी उर्दू पेपर घेऊन बसलेले चाचा ज्या बाजूने पान उलटतात तसंच. पान उघडलं की उजवा वरचा कोपरा, तिथून डावीकडे, मग खालची ओळ परत उजवीकडून. चौकटीच्या आतले फुगे पण उजवीकडचा आधी. पहिली वीस-तीस पानं डोकं गरगरतं आणि उत्तर आधी प्रश्न नंतर असं होतं, मग आपोआप बसतं. माझ्या आईने एक युक्ती काढली, उजव्या वरच्या चौकटीवर बोट ठेवायचं आणि बोट सरकवत जायचं, पोथी वाचतात तसं. हसू नका, चालते.

आता खरी गोष्ट. एक प्रकरण तीनदा वाचायचं.

पहिल्यांदा फुगे वाचायचेच नाहीत. नुसती पानं उलटायची, पण भराभर नाही. माणसं कुठे आहेत, घरात की बाहेर, वारा कुठून येतोय, कोण कुणाकडे बघतंय. अक्षरं दिसली की डोळे तिकडे पळतात, आपल्याला लहानपणापासून तीच सवय लावलीये की चित्र म्हणजे धड्याच्या वरची सजावट. ती सवय जरा बाजूला ठेवायची. गंमत म्हणजे गोष्टीचा निम्मा भाग असाच कळतो. कोण घाबरलंय, कोण खोटं हसतंय हे शब्दांच्या आधी हातांवरून कळतं, शिराहामा हात फार काढते, लिहिणारे हात, कागद दाबून धरणारे हात, दुसऱ्याच्या बाहीला धरणारे हात.

दुसऱ्यांदा वाचायचं, नेहमीसारखं, सगळे फुगे. ह्यावर मी वेगळं काय सांगणार.

तिसऱ्यांदा चौकटी बघायच्या. ह्याच्यासाठीच तर मी एवढं लिहायला बसले. आपल्याकडच्या कॉमिक्समध्ये चौकट म्हणजे पट्टीने मारलेली रेघ, तिच्याकडे कोण बघतंय. इथे चौकट कधी वेलबुट्टीची होते, कधी कमान होते, कधी एखादं पात्र चौकटीच्या कडेवर पाय टेकून दुसऱ्या चौकटीत उतरतं. जुन्या पोथीच्या हाशियासारखं, म्हणजे समासातल्या नक्षीसारखं. आधी वाटतं सजावट आहे, मग लक्षात येतं की ज्या पानावर कोको घाबरलीये त्या पानावर चौकटी साध्या आणि घट्ट आहेत आणि जिथे ती पहिल्यांदा उडते तिथे चौकटच सुटते. हे मला भाचीने दाखवलं आणि त्या दिवशी मी तो अख्खा खंड परत काढून बसले, भात जरा लागला खाली, पण असो.

एक भिंग घ्या. खरंच सांगते, स्टेशनरीवाल्याकडे पन्नास-शंभरात मिळतं ते साधं भिंग. एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यावर धरा. सावली म्हणजे तिरप्या रेषांचा थर, त्यावर उलट्या तिरप्या रेषांचा दुसरा थर, आणि मध्ये कागदाचा पांढरा कण उरलेला. बऱ्याच मांगांमध्ये सावलीसाठी तयार ठिपक्यांची फिल्म चिकटवतात, स्क्रीनटोन म्हणतात त्याला, काम पटकन होतं आणि त्यात वाईट काहीच नाही. पण इथे बरीचशी सावली निबने ओढलेली दिसते, रेघ सुरू होताना जाड आणि सुटताना केसासारखी. ज्यांनी टाकाने लिहिलंय त्यांना हे लगेच कळेल. माझ्या आईला कळलं, शाळेत बोरू आणि टाक दोन्ही वापरलेली बाई ती, भिंग लावून म्हणाली, "हात हलका आहे हिचा, दाब कुठे द्यायचा ते माहितीये."

आणि मग आईने जे म्हटलं त्यावरून मला ही मांगा एकदम आपली वाटायला लागली. जादूची वर्तुळं असलेलं पान होतं. आई बघत बसली आणि म्हणाली, "ही तर रांगोळी आहे, फक्त ठिपके पुसून टाकलेत."

बरोबर आहे की. ह्या मांगातल्या जादूचं व्याकरण सांगते, म्हणजे तिसऱ्या वाचनात तुम्हाला ते वाचता येईल. मधोमध एक मुख्य खूण असते, ती सांगते जादू कशाची, आगीची की पाण्याची की वाऱ्याची. तिच्याभोवती छोट्या खुणा, त्या सांगतात कुठे जायचं, किती पसरायचं, काय आकार घ्यायचा. आणि बाहेर वर्तुळ. वर्तुळ पूर्ण बंद झालं की जादू सुरू, तोपर्यंत तो नुसता कागद. म्हणून जादूवाले आधीच सगळं काढून ठेवतात आणि केसाएवढी फट सोडतात, गरज पडली की एक टिचकीभर रेघ मारून फट बुजवायची. आणि खूण वाकडी आली की जादू पण वाकडी येते, वर्तुळ मोठं तर जोर मोठा. उडायचे बूट पण असेच आहेत, अर्धं वर्तुळ एका तळव्याला, अर्धं दुसऱ्या, पाय जुळवले की वर्तुळ पूर्ण, उडा. मला ही कल्पना इतकी आवडली की मी ऑफिसात टेबलाखाली पाय जुळवून बघितले. काही झालं नाही, अप्रेझल तेवढंच राहिलं.

म्हणून वाचताना एक पेन्सिल घ्या आणि एक वर्तुळ स्वतः काढून बघा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, पद्धतीचाच भाग आहे. भाचीने कसं केलं ते सांगते. आजीची बांगडी मागितली, कागदावर ठेवली, वर्तुळ मारलं, कंपासपेटीतल्या कंपासने जमलं असतं पण कंपासचं टोक कागदाला भोक पाडतं आणि मध्ये तर मुख्य खूण काढायची असते. मग बांगडीच्या आत एक वाटी उलटी ठेवून दुसरं वर्तुळ. मधल्या गल्लीत आठ खुणा, समान अंतरावर. इथे ती अडकली. चार नीट आल्या, पाचवी जवळ सरकली, मग सहाव्याला जागा जास्त उरली. खोडलं, परत. इंटरमिजिएटच्या भूमितीत शिकवतात तसे वर्तुळाचे आधी आठ भाग केले, हलक्या रेघांनी, मग जमलं. मग त्यावर वॉटरप्रूफ काळ्या शाईने निब फिरवली. पहिलीच रेघ फुटली, कारण ड्रॉइंग पेपर खरखरीत होता आणि निब त्यात अडकून शिंतोडा उडाला. गुळगुळीत कागद घ्यायला हवा होता, कार्ट्रिज चालतो, आयव्हरी अजून छान. निबही नवी असेल तर तिच्यावर तेलाचा थर असतो, आधी शाईत बुडवून कापडाने पुसून घ्यायची नाहीतर शाई धरतच नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला किंवा जे. जे. स्कूलच्या आसपासच्या दुकानांत निब, टाक, शाई सगळं मिळतं, मांगावाली जी-पेनची निब मागितलीत तर काही जण लगेच काढून देतात आणि काही जण तुमच्याकडे बघत बसतात, मग नुसतं "ड्रॉइंगची लवचिक निब" म्हणा.

दीड तास लागला तिला त्या एका वर्तुळाला. ते झाल्यावर तिने परत पुस्तक उघडलं आणि एका पानावर तसली सहा वर्तुळं होती, तिरपी, लांबून दिसणारी, म्हणजे लंबवर्तुळ झालेली, आणि खुणा तरी बरोबर अंतरावर. ती काही बोलली नाही, नुसतं "ओह" म्हणाली. तुम्ही एक वर्तुळ काढलंत की तुम्हालाही ह्या मांगाचं एक पान उलटायला जास्त वेळ लागायला लागेल, मी लिहून देते.

नजर तयार करायची अजून एक जागा सांगते, फुकट आहे. ह्या मांगातली गावं, मनोरे, जिने बघून लोक म्हणतात काय ते युरोप, कधी जायला मिळणार. अहो, रोज सकाळी त्यातूनच तर धावत बाहेर पडतो आपण. सीएसएमटीची जुनी इमारत, फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली, १८८८ ला पूर्ण झालेली, आणि तिच्यावरचं बरंच कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय. मोर आहेत, माकडं आहेत, पानाफुलांत लपलेले प्राणी आहेत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ. मी अठरा वर्षं त्या स्टेशनात उतरते आणि मला माकड माहीत नव्हतं. एका रविवारी गर्दी नसताना समोरच्या फुटपाथवर, पालिकेच्या बाजूला उभं राहा आणि वरून खाली नाही, उजवीकडून डावीकडे बघा, मांगाचं पान वाचता तसं, एकेक कमान म्हणजे एकेक चौकट. जमलं तर एक खिडकी वहीत काढा. मग तिथून चालत राजाबाई टॉवरपर्यंत या. ह्यानंतर शिराहामाचे मनोरे बघाल तेव्हा दगड कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते ते शोधायला लागाल, मी तर लागते. अजून हौस असेल तर काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं बघा, तिथे चेहऱ्याची गोलाई सुईसारख्या बारीक फटकाऱ्यांनी आणलेली असते, परदाज म्हणतात त्या कामाला. शाईच्या रेषा आणि रंगाचे फटकारे, गाव वेगळं पण घराणं एकच वाटतं मला तरी.

घरातल्यांना वाचून दाखवायची असेल तर. हे जरा महत्त्वाचं आहे कारण आपण इंग्रजीतून वाचणार आणि सात-आठ वर्षांच्या पोरांना किंवा आईला मराठीत सांगणार. मी पहिल्या दिवशी "विच" ला सरळ "चेटकीण" म्हटलं आणि आईचा चेहराच बदलला. आपल्याकडे तो शब्द गोष्टीत राहत नाही, गावात एखाद्या बाईला चेटकीण ठरवलं की तिचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही करावा लागला. मग मी शोधलं तर मूळ जपानीत शब्द आहे माहोत्सुकाई, म्हणजे जादू वापरणारा किंवा वापरणारी, त्यात शिवी नाही आणि बाई-पुरुष असा भेदही नाही. मग आमच्या घरात ठरलं "जादूकार". चित्रकार तसा जादूकार. तो काढतोच ना शेवटी. आणि नाव मूळ जपानीत "टोंगारी बोशी नो आतोरिए" आहे, आम्ही "टोकदार टोप्यांची चित्रशाळा" करून टाकलं, आईला हे इतकं आवडलं की ती शेजारच्या काकूंना पण ह्याच नावाने सांगते आणि त्यांना वाटतं दादरला कुठेतरी क्लास आहे.

सांगताना घाई करू नका. एक पान उघडं ठेवा, पोरांना आधी बघू द्या, "काय चाललंय?" एवढंच विचारा. आमच्या पिढीच्या लोकांना हे येतं, विसरलोय फक्त. चांदोबा आठवतो ना, १९५२ पासून मराठीत यायचा, विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे झाडाच्या फांद्या. शंकर ह्यांनी काढलेलं. वाचता यायच्या आधी आम्ही त्या फांद्या मोजायचो. आणि दिवाळी अंक घरात आला की आधी दलाल, मुळगावकरांची चित्रं, मग वडिलांच्या हातातून सुटला की गोष्टी.

आता एक सावधगिरी. शांत म्हणजे गोडमिट्ट असं समजून अगदी लहान पोरांच्या हातात सगळे खंड एकदम देऊ नका. ह्या जगात नियम कडक आहेत. बाहेरच्या माणसाला जादूचं गुपित कळलं तर त्याची आठवण पुसतात. माणसाच्या शरीरावर जादू करायला बंदी आहे, इलाजासाठी सुद्धा, आणि हा नियम बरोबर की चूक ह्यावर मांगा उत्तर हातात देत नाही, पुढे पुढे तो फार टोचत जातो. शांतपणा आहे तो दुसरीकडे आहे, चूक केलेल्या मुलीला कुणी मूर्ख म्हणत नाही ह्यात. चार शिष्या आहेत, कोको, आगॉट, टेटिया आणि रिचे, चौघींची शिकायची पद्धत चार प्रकारची, आणि कीफ्री प्रत्येकीला तिच्या तऱ्हेने चुकू देतो. आमच्या ड्रॉइंगच्या एका मास्तरांनी माझ्या स्मरणचित्रावर सगळ्या वर्गासमोर लाल काट मारली होती, बैल गाढवासारखा दिसतो म्हणून, आणि मी पेन्सिल सोडली ती तीस वर्षं सोडली. त्यामुळे हे सगळं वाचताना मला जरा नाक ओढावं लागलं, असू दे.

वेग किती ठेवायचा? एका दिवसाला एक प्रकरण, त्याहून जास्त नाही. मला माहितीये पुढे काय होतं ते कळायची हाव सुटते, प्रकरणाच्या शेवटी मुद्दाम असं काहीतरी सोडतात. मग दुसऱ्या वाचनात हाव भागवून घ्या आणि पहिलं-तिसरं नंतर करा, उलटसुलट केलं म्हणून कुणी पोलीस येत नाही. लोकलमध्ये मात्र नको. मी आता लोकलमध्ये पॉडकास्ट ऐकते.

ही आवडली तर पुढे काय, हे पटकन सांगते. फ्रीरेन वाचा, कथा कानेहितो यामादाची, चित्रं त्सुकासा आबेची, राक्षसराजाला मारून झाल्यावर गोष्ट सुरू होते, आणि हजार वर्षांहून जास्त जगलेल्या एल्फला दहा वर्षांचा सोबती गेल्यावर कळतं की आपण त्याला ओळखलंच नाही. तिथे रेषा साधी आहे, मोकळी पानं जास्त, सुंदर आहे पण भिंग लागणार नाही. नागाबेची द गर्ल फ्रॉम द अदर साइड घेतलीत तर तिथे काळा आणि पांढरा हेच दोन जग आहेत, शब्द अगदी थोडे, अकरा खंड, पावसाळ्यात रात्री वाचायची.

पावसाळ्यावरून आठवलं, शेवटचं काम राहिलंच. मुंबईत पुस्तक घेणं सोपं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाचवणं कठीण. मांगाचा कागद स्पंजसारखा दमट हवा पितो, आणि काळ्याशार पानांवर तर बुरशीचे पांढरे ठिपके आधी दिसतात, मग वाटतं तारे आहेत, नसतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर पुस्तकं मागे टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकावर घट्ट प्लास्टिक पण चढवू नका, आत वाफ धरते. ऊन पडलं की पंख्याखाली पानं फडफडवून घ्या, थेट उन्हात नाही, कडा पिवळ्या पडतात. कसर लागू नये म्हणून आई कडुलिंबाचा वाळलेला पाला कागदात गुंडाळून ठेवते, मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, कुठल्याही खोक्यातल्या चालतात. भाचीचं मात्र म्हणणं आहे की ह्या पुस्तकांसाठी बुटांच्याच खोक्यातल्या पाहिजेत, आणि दोन्ही बुटांच्या, एका बुटाच्या नाही.